सुटायला शिवलेले नाही

बाबागाडी मिटत नव्हती.

सूनबाईने खालचा खटका पायाने दाबला, टाचेने दाबला, शेवटी उकिडवे बसून हाताने दाबला. खटका टक् करून आत जात होता, पण गाडी ढिम्म. कडेवर दहा महिन्यांचा ढब्बू, एका खांद्याला त्याच्या लंगोटांची पिशवी, दुसऱ्या खांद्याला स्वतःची पर्स, आणि निघायची वेळ टळून चाललेली.

"मिटणार नाही ती," मागून अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे सासरे. त्यांच्या आवाजात भलतेच समाधान होते.

"मिटणार नाही म्हणजे?"

"कव्हर पाइपाला रिबिटं मारून बसवलंय. गाडी मिटली की फोमला सुरकुती पडणार. आणि एकदा सुरकुती पडली की तिथून वारा शिरलाच म्हणून समज."

"अहो अप्पा, मिटल्याशिवाय ती बसमध्ये घेत नाहीत! लिफ्टमध्ये मावत नाही! आणि आज पाळणाघरात चाचणीचा दिवस आहे त्याचा!"

"म्हणून तर घाईनं पुरं केलं," अप्पा म्हणाले आणि त्यांनी कव्हरवर कौतुकाने एक थाप मारली.

आता यात चूक कोणाची म्हणाल, तर चूक तिचीच. गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. ढब्बूला गाडीतून फिरवून आणले की दर वेळी एक मोजा रस्त्यात पडलेला, टोपी डोळ्यांवर आणि दुलई चाकाखाली. लाथाळ पोरगं! पांघरूण त्याला जन्माचा शत्रूच वाटायचे. एकदा घरात शिरता शिरता ती वैतागून म्हणाली, "काय करू या मुलाचं? काही म्हणजे काही अंगावर राहत नाही त्याच्या!" एवढेच एक वाक्य. ते तिने हवेत सोडले होते, पण ते नेमके अप्पांच्या कानात जाऊन बसले.

अप्पांनी जन्मभर बसच्या सीटा शिवल्या होत्या. बस बांधणीच्या कारखान्यात इंजिनवाले, पत्रेवाले, रंगवाले असे पुष्कळ असतात, पण प्रवाशाचे बूड टेकते ते आपल्या कामावर, असे अप्पा अभिमानाने सांगत. दीड महिन्यापूर्वी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कारखान्याने त्यांना सीटच्या कापडाचा उरलेला अख्खा गठ्ठा भेट दिला. निळे जाड कापड आणि त्यावर पिवळे पट्टे. तो गठ्ठा कपाटावर आणि अप्पा खुर्चीत, असे दोघे दीड महिना नुसते पडून होते. बोलणे कमी, जेवणे कमी. मधूनच उठून ते कुठल्यातरी दाराची बिजागरी हलवून बघत आणि पुन्हा बसत. घरातल्यांना काळजी वाटू लागली होती.

त्या वाक्यासरशी अप्पा उठले. शिलाई मशीन पुसले, गळ्यात टेप अडकवली आणि नातवाचे माप घ्यायला लागले. दोन दिवस घरात मशीन धडधडत होते आणि अप्पा चक्क गुणगुणत होते. नवऱ्याच्या डोळ्यांत तर पाणीच यायचे बाकी राहिले. "बघ ना, किती खूश आहेत," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

कव्हर झाले तेव्हा सूनबाई बघतच राहिली. बाबागाडी कुठे दिसतच नव्हती. तिथे एक निळी-पिवळी आरामखुर्ची उभी होती. बाजूला तळहाताएवढा जाड फोम, वर छप्पर, पुढे बघायला जाड प्लॅस्टिकची खिडकी. आत हात घातला तर, खोटे कशाला बोला, खरोखर सुरेख ऊब होती. पण उघडायला कुठेच काही दिसेना.

"अप्पा, चेन कुठाय?"

"चेन?" अप्पांनी तो शब्द घरात नको ते आणल्यासारखा उच्चारला. "चेन आठवड्यात तुटते. बटण दोन दिवसांत. आपला नियम एकच, सुटेल असं काही शिवायचंच नाही. प्रवाशाच्या बोटाला सुटं काही लागलं की तो ओढणार, ओढलं की उसवणार!"

"अहो, पण हा प्रवासी दहा महिन्यांचा आहे."

"तेच तर! याला कंडक्टरचीसुद्धा भीती नाही."

पाठीमागे दोरी ओवलेली होती, ट्रकची ताडपत्री बांधतात तशी. दोरी सोडायची, प्रवासी आत ठेवायचा, दोरी आवळायची. बस्स. त्याच वेळी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढून नेले होते.

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी? अगं, दीड महिन्यानं हसलाय माणूस."

"वडील तुमचे आहेत."

"पण सून लाडकी आहे," नवरा म्हणाला आणि ड्यूटीची वेळ झाल्याचे त्याला एकदम आठवले.

एरवी हा प्रकार तिने हसून सोडून दिला असता. पण तिची नोकरी आज टांगणीला लागली होती. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात ती तक्रारींच्या खिडकीवर बसे. बाळंतपणाची रजा वाढवून वाढवून संपली होती, आणि साहेबांनी स्वच्छ सांगितले होते, सोमवारी या, नाहीतर खिडकीवर दुसरं माणूस बसेल. घरात दिवसभर ढब्बूच्या मागे पळणे अप्पांच्या गुडघ्यांना झेपणारे नव्हते. जवळपासच्या एकुलत्या एका पाळणाघरात एकुलती एक जागा होती, आणि तिच्यावर आणखी दोन घरे टपून बसली होती. मूल दिवसभर राहिले, आईने नियम पाळले, तर जागा मिळणार. नियमांतला पहिला नियम होता वेळेवर येणे. दुसरा, प्रत्येक मुलाची बाबागाडी सोबत हवी, कारण दुपारी मुलांना गाडीतच झोपवतात. आणि तिसरा, गाडी मिटून आतल्या बोळातल्या खुंटीला टांगायची.

"दे इकडे, बांधतो," अप्पा म्हणाले. त्यांनी ढब्बूला मागून आत सरकवले, दोरी सटासट ओवली आणि गाठ मारली. "बघितलंस ना? असं, असं आणि असं."

सूनबाई त्या वेळी चप्पलस्टँडखाली किल्ली शोधत होती. "हो हो, बघितलं," ती म्हणाली.

लिफ्टच्या दारात गाडी दोन्ही बाजूंनी अडकली. मग जिना. वरून अप्पा, खालून ती. "सांभाळून, कोपरा घासेल!" अप्पा ओरडत होते. कोपरा म्हणजे कव्हरचा. तिचे कोपर भिंतीवर दोनदा घासले, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. खिडकीच्या प्लॅस्टिकवर वाफ धरली होती आणि तिच्यामागे ढब्बू आनंदाने किंचाळत होता.

"अरे वा, नवीन सोफा?" खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून विचारले.

"बाळ आहे आत," सूनबाई दात आवळून म्हणाली.

"सोफ्यात?"

सूनबाईने गाडी पुढच्या पायरीवर उतरवली. फाटकापाशी तिने अप्पांना निक्षून सांगितले, "आता तुम्ही घरी जा. थंडी फार आहे. मी जाते बरोबर."

"बरं," अप्पा म्हणाले. इतक्या पटकन बरं म्हणाले तिथेच खरे तर तिला शंका यायला हवी होती.

बस आली. कंडक्टरने गाडीकडे बघितले. "मिटवा."

"मिटत नाही हो. बाळ लहान आहे, थंडी आहे, दोनच थांबे जायचंय. कोपऱ्यात उभी करते."

कंडक्टर मनाने वाईट नव्हता. त्याने पुढचे चाक धरून गाडी वर घ्यायला मदतसुद्धा केली. मग त्याचा हात कव्हरवर पडला आणि तिथेच थांबला. त्याने कव्हरकडे बघितले, शेजारच्या सीटकडे बघितले, पुन्हा कव्हरकडे बघितले. निळे कापड, पिवळे पट्टे.

"बाई, हे कापड कुठून आणलंत?"

"घरी शिवलंय."

"ते दिसतंय. कापड कुठलं, विचारतोय. मागची लांब सीट कुणीतरी ब्लेडनं कापून नेलीय. आठ दिवस झाले, मला मेमो आलाय त्याचा."

सगळी बस वळून बघू लागली. एका म्हाताऱ्या बाईंनी तर आपली सीट चाचपून पाहिली.

"अहो, माझ्या सासऱ्यांनी केलंय हे!"

"म्हणजे सासऱ्यांनी कापलं?"

"कापलं नाही, शिवलं! ते बसच्या सीटाच शिवायचे!"

"मग त्यांना बरोबर माहीत असणार कुठून कापायचं ते," मागून कुणीतरी म्हणाले. बसमध्ये हशा पिकला. सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर तिने खिडकीच्या आत बसून लोकांच्या शिव्या शांतपणे ऐकल्या होत्या, पण भर बसमध्ये चोर ठरायची पाळी तिच्यावर कधी आली नव्हती. तिने गाडी उलटी फिरवली, धाडधाड खाली उतरवली आणि बस निघून गेली.

चालत जायचे म्हणजे पुलावरून जायचे, आणि पुलावर वारा असा की माणसाला सरळ उभे राहता येत नव्हते. फोमच्या भाराने गाडी बाजूला ओढत होती. दांडी दोन्ही हातांनी धरावी लागत होती, त्यामुळे मफलर उडाला तरी तो धरायला तिसरा हात नव्हता. हातमोजे घरी चप्पलस्टँडवर राहिले होते. नाक वाहत होते, कान गेल्यातच जमा होते. ती मनातल्या मनात अप्पांना, नवऱ्याला, कारखान्याला आणि जगातल्या समस्त रेक्झिन-फोमवाल्यांना नावे ठेवत ढकलत राहिली. एकदा वाकून तिने खिडकीतून आत पाहिले. ढब्बू गालांवर गुलाबी रंग घेऊन मजेत अंगठा चोखत होता. तेवढे बघून जरा बरे वाटले, आणि बरे वाटले याचाही राग आला.

पाळणाघर चालवणाऱ्या ताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितले, मग गाडीकडे.

"उशीर झाला."

"हो ताई, त्याचं असं झालं—"

"गाडी मिटवा आणि मुलाला आत द्या."

"मिटत नाही ती. पण मुलाला देते लगेच." सूनबाई गाडीच्या मागे गेली. असं, असं आणि असं. तिने दोरीचे एक टोक ओढले. गाठ आवळली. दुसरे टोक ओढले, गाठ आणखी आवळली. गारठलेल्या बोटांना आपण काय धरले आहे तेच कळत नव्हते.

"सरा," ताई म्हणाल्या. त्यांनी नखाने प्रयत्न केला. नख गेले. मग आणखी दोन आया आपली मुले कडेवर घेऊन मदतीला आल्या. चौघींनी चार दिशांना ओढल्यावर गाठीचा पार गोटा झाला. आतून ढब्बूने पहिल्यांदाच नाराजीचा सूर काढला.

"कात्री आणते," ताई म्हणाल्या.

कात्री आली. ती दोरीला लावली आणि सूनबाईच्या तोंडून नकळत निघून गेले, "नको, कापू नका!" तिला गुणगुणणारे अप्पा आठवले, मशीन पुसणारे अप्पा आठवले. मग तिला स्वतःचाच इतका संताप आला की रडू फुटायला आले. "कापा," ती म्हणाली. "कापा एकदाची."

ताईंनी कापायला घेतली. मेण लावलेला तिपदरी दोर होता तो. कात्रीचा खिळा सैल झाला, दोराला ओरखडासुद्धा आला नाही.

"आत ढकलायची असते ती," बोळाच्या टोकाकडून आवाज आला. तिथे बाकावर, गुडघ्यांवर हात ठेवून, अप्पा बसले होते. "बाहेर ओढली की आवळते. आत ढकलली की सुटते. सकाळी दाखवलं होतं."

सूनबाई आ वासून बघत राहिली. "तुम्ही? इथं? कधी आलात?"

"केव्हाचाच. बसनं आलो."

"कुठल्या बसनं?"

"तुझ्याच की. मागच्या दारानं चढलो. वारा कुठून शिरतो ते बघावं म्हटलं."

"म्हणजे तो कंडक्टर मला चोर म्हणत होता तेव्हा तुम्ही बसमध्ये होता? मग पुढे येऊन सांगायचं नाही का?"

"येतच होतो गं," अप्पा म्हणाले, "पण ती मागची कापलेली सीट बघितली. काय गचाळ शिवलीय परत! टाके बघ, बोटभर लांब. ते बघता बघता तू उतरलीस." असे म्हणत त्यांनी गाठ अंगठ्याने आत ढकलली. ती मुकाट्याने सुटली.

ढब्बू बाहेर आला. गुबगुबीत, गरम, आणि सगळ्यांकडे बघून हसणारा. ताईंनी त्याला घेतले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जागच्या जागी विरल्या. "अगं बाई! हात केवढे गरम आहेत याचे!" बाकीच्या आयांच्या कडेवरची मुले शेंबडी, लालभडक नाकांची आणि रडवेली होती. एकीने ढब्बूचे पाऊल चाचपले. दुसरीने गाडीत हात घातला आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

"पण गाडी मिटत नाही," ताईंना नियम आठवला. "बोळ अडतो माझा."

"अप्पा," सूनबाई काकुळतीला आली, "सोडा ना ते कव्हर. पाया पडते. माझी नोकरी जाईल हो."

"सुटणार नाही. सुटायला शिवलेलंच नाही ते," अप्पा म्हणाले. त्यांनी एकदा सुनेच्या चेहऱ्याकडे बघितले आणि त्यांचा आवाज खाली आला. "मी बसतो ना गाडीपाशी. अंगणात घेऊन बसतो दिवसभर. दुपारी आत देतो. बोळ अडणार नाही. तू जा."

ताईंनी अंगणाकडे बोट दाखवले आणि ढब्बूला आत नेले. नियमाप्रमाणे आईने तिथे थांबायचे नव्हते. सूनबाई निघाली. थंडीत म्हातारा माणूस अंगणात बसवून आपण चाललो, हे तिला खात राहिले. मुलगा रडला तर? अप्पांनी तिथल्या बिजागऱ्या हलवायला घेतल्या तर? कार्यालयात जाऊन तिने साहेबांना "सोमवारी येते" असे सांगितले खरे, पण सांगताना तिची जीभ अडखळली.

संध्याकाळी ती धापा टाकत परत आली. अंगण रिकामे होते. आत डोकावली तर दिवे लागलेल्या खोलीत ढब्बू चटईवर लोळत होता आणि ताई चक्क हसत होत्या.

"गुणी आहे हो तुमचा. जागा पक्की, सोमवारपासून आणा." सूनबाईला हायसे वाटले. ताईंचे हात धरून नाचावे असेही क्षणभर वाटून गेले. "आणि आजोबांनाही पाठवा," ताई पुढे म्हणाल्या. "मागची खोली दिलीय त्यांना. मशीन घेऊन येतो म्हणालेत. आमच्या सगळ्या गाड्यांना कव्हरं करणार आहेत. फक्त मिटणारी करा म्हटलं, तर लगेच तयार झाले."

"मिटणारी?" सूनबाईने विचारले.

"हो. चेनसुद्धा लावणार आहेत. आयांनी मागितली ना."

मागच्या खोलीत अप्पा गळ्यात टेप अडकवून, दोन आयांना फोमची जाडी समजावून सांगत होते. कोपऱ्यात ढब्बूची बाबागाडी उभी होती. नुसती. चार पाइप आणि मधे पातळ कापडाची झोळी. सकाळपासून ज्या दर्शनासाठी तिचा जीव तळमळत होता, ते हेच. तिने खटका पायाने दाबला आणि गाडी शहाण्यासारखी मिटली. बाहेर वारा घोंघावत होता.

"अप्पा," ती म्हणाली, "कव्हर कुठाय?"

"ते होय? कापलं."

"कापलं?"

"नमुना नको का? शिवण उलगडल्याशिवाय कापड कसं बेतणार?"

"सकाळी मी पाया पडत होते तेव्हा सुटत नव्हतं!"

"आत्ताही सुटलं नाही," अप्पा समजुतीच्या सुरात म्हणाले. "कापलं."

"आणि ह्याला आता घरी कसं नेऊ? बाहेर काय थंडी पडलीय! मला ते कव्हर आत्ताच्या आत्ता पाहिजे!" हे आपणच बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळले. पण आता मागे घेण्यात अर्थ नव्हता.

"नवीन शिवतो ना त्याला. पण तुझा नंबर शेवटी," अप्पा म्हणाले. "आधी घरच्यांचं केलं तर गिऱ्हाईक नावं ठेवतं."

शेवटी तिने आपला कोट काढला, त्यात ढब्बूला गुंडाळले आणि पदर कानावरून घट्ट ओढून घेतला. बस आली. कंडक्टर सकाळचाच होता. त्याने मिटलेल्या गाडीकडे बघितले, उघड्या पाइपांकडे बघितले आणि हळूच म्हणाला, "परत केलंत वाटतं? चांगलं केलंत, बाई. मी काही कुणाला बोलणार नाही." बरोबरचे अप्पा चढल्या चढल्या मागच्या सीटचे टाके तपासायला निघून गेले होते. सूनबाईने फक्त मान हलवली.

घरी पोचेपर्यंत तिचे ओठ निळे पडले होते. नवऱ्याने दार उघडले. "मिळाली जागा? वा! आणि अगं, तू अशी कुडकुडतेस का? थंडी वाजतेय का तुला?"

ती तोंड उघडणारच होती. दिवसभराची सगळी तक्रार जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. तेवढ्यात तिची नजर अप्पांकडे गेली. ढब्बूला कोटातून सोडवून ते खुंटीपाशी उभे होते. त्यांनी तिचा कोट हातात घेतला होता, त्याची चेन खालीवर करून बघत होते, आणि दुसरा हात गळ्यातल्या टेपकडे चालला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "यातून वारा शिरतो का गं?"

"नाही!" सूनबाई ओरडली. तिचे दात एकमेकांवर कडकड वाजत होते. तिने कोट त्यांच्या हातातून ओढून घेतला, कपाटात कोंबला आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "अजिबात नाही, अप्पा. मला तर बाई उकडतंय."